नवी गोळी मागण्याआधी चालू गोळ्यांची पिशवी दाखवा

प्रश्न थोडक्यात असा: "सासरे 62 वर्षांचे, जिल्हा परिषदेतून निवृत्त. पाच वर्षांपूर्वी कंपवाताचं (पार्किन्सन्सचं) निदान झालं, गोळ्यांनी बराच फरक पडला. पण गेल्या दीड वर्षात त्यांनी मोबाइलवर रमी आणि मग कसल्या कसल्या आकड्यांच्या खेळात साडेसहा लाख घालवले. सासूबाईंचं सोनं गहाण पडलं. हा माणूस आयुष्यात गणपतीतसुद्धा पत्ते खेळायला बसला नव्हता. दुसरीकडे माझी 15 वर्षांची मुलगी डोक्यावरचे केस उपटते, मधोमध रुपयाएवढं टक्कल पडलंय. एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं की दोन्ही 'इम्पल्स कंट्रोल डिसऑर्डर', म्हणजे आवेग न आवरण्याचे आजार आहेत आणि ते तुमच्या घराण्यातच आहे. यावर औषध असतं का? दोघांना एकच गोळी चालेल का?"

ताई, तुमच्या पत्रात कंपवात एका ओळीत येऊन गेला आणि रमीवर पान भरलं. मी मात्र त्या एका ओळीपाशीच थांबलो. सव्वीस वर्षं मानसोपचाराचं काम केल्यावर एक सवय लागली आहे. "मनावर ताबा राहत नाही, काही औषध द्या" असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, सध्या कोणती औषधं चालू आहेत? पिशवी टेबलावर रिकामी करा.

तर आज संध्याकाळीच अण्णांची, म्हणजे तुमच्या सासऱ्यांची, पिशवी बघा. पाकिटावर कंपनीने ठेवलेलं नाव मोठ्या अक्षरात असतं आणि खरं औषध खाली बारीक अक्षरात. ते बारीक वाचायचं. तिथे प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल लिहिलेलं असलं तर साडेसहा लाखांचा बराचसा हिशोब तिथेच लागण्याची शक्यता आहे. दंडावर किंवा पोटावर चिकटवायची रोटिगोटिनची पट्टी असेल तर तीही त्याच घरातली.

हे कसं होतं ते सांगतो, कारण ते समजल्याशिवाय घरातला राग उतरत नाही. कंपवातात मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन कमी पडतं, पण सगळीकडे सारखं नाही. हालचालींचा भाग आधी आणि जास्त कोरडा पडतो. हव्यासाचा, बक्षिसाचा, "अजून एक डाव" म्हणणारा जो भाग आहे, तिथे बऱ्याच काळ डोपामिन जवळजवळ पुरेसं असतं. आता कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्याला पाणी पोचावं म्हणून तुम्ही दरवाजा जास्त उघडला, तर मुखाशी असलेल्याच्या रानात काय होईल? पाणी साचून जमीन चिबड होईल. अण्णांचे पाय चालावेत म्हणून दिलेलं औषध हव्यासाच्या रानात साचलं. त्यातही प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोल ही औषधं डोपामिनच्या ज्या प्रकारच्या ग्राहकांना, म्हणजे मेंदूच्या पेशींवरच्या कुलपांना, जास्त ओढीने चिकटतात, ते ग्राहक नेमके याच भागात दाटीने असतात. म्हणून कंपवातावरच्या नेहमीच्या लेव्होडोपा या औषधापेक्षा या औषधांनी हा त्रास जास्त होतो.

हे माझं एकट्याचं मत नाही. 2010 मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या 46 केंद्रांमधल्या 3,090 कंपवाताच्या रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या 13.6 टक्क्यांना जुगार, बेसुमार खरेदी, अनावर खाणं किंवा अनावर लैंगिक ओढ यांपैकी काहीतरी होतं. या गटातली औषधं घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण 17.1 टक्के, न घेणाऱ्यांमध्ये 6.9. वय तुलनेने कमी, लग्न न झालेले, सिगारेट ओढणारे आणि ज्यांच्या घरात आधी कुणी जुगारी होतं, अशांना धोका जास्त निघाला. पुढे 2018 मध्ये फ्रान्समधून आलेल्या अभ्यासात रुग्णांवर सलग काही वर्षं लक्ष ठेवलं होतं. तिथे ही औषधं घेतलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना पाच वर्षांत असा काहीतरी त्रास झाला. म्हणजे अण्णा काही जगावेगळे नाहीत.

मग आधी कुणी सांगितलं कसं नाही, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. कुणी सांगितलंही असेल, पाच वर्षांपूर्वी, निदानाच्या धक्क्यात, दहा मिनिटांच्या भेटीत. तो त्रास औषध सुरू केल्याच्या दुसऱ्या दिवशी येत नाही. कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनी, बहुधा डोस वाढल्यावर हळूच डोकं वर काढतो. पुढच्या प्रत्येक भेटीत डॉक्टर विचारतात थरथर कशी आहे, रात्री कूस बदलता येते का. "मोबाइलवर पैसे लावता का?" हे कुणी विचारत नाही, आणि आपण होऊन अण्णा सांगणार नाहीत. त्यांना तो आजार वाटतच नाही ना! उलट निवृत्तीनंतर पहिल्यांदा जिवंत वाटत असतं.

माझ्याकडे आलेले एक गृहस्थ (ओळख लागू नये म्हणून तपशील बदलले आहेत) निवृत्त हेडमास्तर होते. त्यांना जुगार नव्हता, त्यांनी घरातले पंखे उघडले. एकामागून एक. मग मिक्सर, मग शेजाऱ्यांचा रेडिओ. रात्री तीन-तीन वाजेपर्यंत स्क्रू मांडून बसायचे, परत जोडायचं मात्र सुचायचं नाही. घरच्यांना वाटलं वेळ घालवायला छंद लागला, बरं झालं. या निरर्थक मांडामांडीला 'पंडिंग' म्हणतात. हा शब्द स्वीडनमधल्या अ‍ॅम्फेटामिनच्या नशेकऱ्यांच्या बोलीतून वैद्यकशास्त्रात आला, आणि नशेकऱ्यांचा शब्द हेडमास्तरांना लागू पडावा यातच सगळं आलं. त्यांचा रोपिनिरोलचा डोस कमी केल्यावर चार महिन्यांत पंखे छताला परत लागले. मला म्हणाले, "डॉक्टर, कळत होतं हो, पण हात ऐकत नव्हते."

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे वाचून ती गोळी उद्या सकाळी बंद करू नका. कंपवाताचं औषध एकाएकी तोडलं तर शरीर लाकडासारखं ताठ होऊन जिवावर बेतू शकतं. शिवाय या गटातली औषधं कमी करताना काहींना व्यसन सुटतानासारखा त्रास होतो: घाबरं होणं, घाम, उदासी, झोप उडणं, गोळीसाठी जीव कासावीस होणं. लेव्होडोपा वाढवून हा त्रास शमत नाही. म्हणून पायरी-पायरीने कमी करायचं, आणि ते काम न्यूरॉलॉजिस्टचं. बहुतेक वेळा ते हे औषध उतरवत आणतात आणि हालचालींसाठी लेव्होडोपा थोडा वाढवतात. मी सोबत असतो तो उदासी आणि झोपेकडे बघायला. पूर्ण बंद केल्यावरही खुमखुमी उतरायला काही महिने लागतात. फ्रान्सच्याच अभ्यासात औषध थांबवल्यावर वर्षभराने साधारण निम्म्यांचा त्रास गेलेला होता. म्हणजे निम्म्यांचा राहिला होता, हेही लक्षात ठेवा आणि तीन आठवड्यांत चमत्काराची वाट बघू नका.

अण्णा याला विरोध करतील, तयारीत राहा. गोळी कमी केली की पाय जड होणार, चहाचा कप सांडणार. त्यांना रमीचं नुकसान दिसत नाही, पाय जड झालेले मात्र लगेच दिसतात. काही रुग्ण जुनी पाकिटं लपवून ठेवतात, दुसऱ्या दुकानातून जुन्या चिठ्ठीवर आणतात. गोळ्या मोजून द्यायच्या, पण पोलिसासारखं नाही. आठवड्याचा डबा भरून ठेवण्याचं काम सासूबाईंकडे द्या, सुनेकडून ते अपमानासारखं लागतं.

औषध कमी करणं शक्यच नसेल तर? मग वरून काही देऊन बघतात, पण इथे आमच्या हातात फार काही नाही. जुगाराच्या आजारात उपयोगी पडणारं नाल्ट्रेक्सोन कंपवाताच्या रुग्णांत 50 जणांवर तपासलं गेलं, डॉक्टरांच्या एकूण अंदाजात ठोस फरक दिसला नाही. अमँटाडिन या कंपवातावरच्याच आणखी एका औषधाची तर गंमतच आहे. इटलीतल्या एका छोट्या अभ्यासात त्याने जुगार कमी झाला, आणि त्याच 2010 च्या मोठ्या पाहणीत अमँटाडिन घेणाऱ्यांमध्ये असे त्रास जास्त आढळले. म्हणून मी ते या कामासाठी देत नाही. मात्र विचार आणि वागणुकीवर काम करणाऱ्या समुपदेशनाचा फायदा होतो असं लंडनमधल्या एका चाचणीत दिसलं आणि माझाही अनुभव तसाच आहे. अट एकच, घरातलं कुणीतरी सोबत बसलं पाहिजे.

आणि पैसे. औषध उतरेपर्यंतचे महिने हेच खरे धोक्याचे असतात. निवृत्तिवेतनाच्या खात्याला यूपीआय जोडलेलं असेल तर ते काढा, किंवा दिवसाची मर्यादा पाचशे रुपयांवर आणा. मोठी रक्कम मुदत ठेवीत, दोघांच्या सहीने. दुसरं सिमकार्ड आहे का बघा, असतंच. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. माझे दोन रुग्ण त्या आठवड्यात आनंदाने सांगायला आले की अ‍ॅपच बंद पडलं. त्यातला एक तीन महिन्यांनी परत आला, लॉटरीच्या तिकिटांचा गठ्ठा घेऊन. अ‍ॅप बंद झालं होतं, खुमखुमी नाही.

आता तुमच्या मुलीकडे येतो. "घराण्यातच आहे" हे वाक्य आधी मनातून काढा. अण्णांना जे झालंय ते बहुतेक औषधामुळे झालंय. ते नातीला वारसाहक्काने कसं जाईल?

गोंधळ व्हायला कारण आहे. जुगार, चोरीची ऊर्मी, आग लावणं, रागाचे झटके आणि केस उपटणं हे सगळं बरीच वर्षं एकाच कप्प्यात होतं. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या 1980 च्या यादीत आवेगांच्या आजारांचा कप्पा तयार झाला, आणि खरं सांगायचं तर 'इतरत्र न बसणारे' असं त्याचं स्वरूप होतं. घरातल्या अडगळीच्या कपाटासारखं. 2013 च्या आवृत्तीत जुगार उचलून व्यसनांच्या शेजारी ठेवला गेला, केस उपटणं मंत्रचळाच्या, म्हणजे ओसीडीच्या शेजारी. जागतिक आरोग्य संघटनेची 2022 पासून लागू झालेली यादीही असंच करते. त्यामुळे आजोबा आणि नात आता कागदावरसुद्धा वेगवेगळ्या खोल्यांत आहेत. एकच गोळी चालणार नाही.

केस उपटण्याला ट्रायकोटिलोमॅनिया म्हणतात. 1889 मध्ये एका फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने हे नाव दिलं, आणि आजही या मुली आधी त्वचारोगतज्ज्ञांकडेच जातात. तिथे जाणं चुकीचं नाही, कारण चाई पडणं हा वेगळा आजार आहे आणि तो नाही ना हे बघून घ्यावं लागतं. चाईचा चट्टा गुळगुळीत असतो. उपटलेल्या जागी कमी-अधिक लांबीचे तुटके खुंट राहतात. आणखी एक गोष्ट तिला हळुवार विचारा: उपटलेले केस ती तोंडात घालते का, गिळते का? गिळत असेल आणि पोट दुखत असेल, भूक मंदावली असेल तर पोटाची तपासणी लवकर करा. केसांचा गोळा साचून शस्त्रक्रिया करावी लागल्याची उदाहरणं आहेत.

तिच्यासाठी पहिला उपाय गोळी नाही. सवय मोडण्याची एक पद्धत आहे, 1973 मध्ये अझरिन आणि नन या दोघांनी मांडलेली. हात डोक्याकडे कधी जातो हे आधी टिपायचं. अभ्यासाला बसल्यावर, आरशासमोर, की झोप लागण्याआधी अंधारात? मग हात निघाला की त्याच क्षणी दुसरं असं काही करायचं की केस उपटताच येऊ नये: मूठ घट्ट आवळून मिनिटभर धरायची, चेंडू दाबायचा, विणकाम घ्यायचं. ऐकायला बालिश वाटतं, पण आजवर या आजारात एवढा भरवशाचा दुसरा उपाय मला मिळालेला नाही. अडचण अशी की ही पद्धत नीट शिकलेले मानसशास्त्रज्ञ शोधावे लागतात. नुसतं "केस ओढू नकोस बाळ" सांगणारे पुष्कळ.

औषधांचं विचाराल तर, ज्या गोळ्या सर्रास दिल्या जातात त्या फ्लुऑक्सेटिनसारख्या उदासीवरच्या गोळ्यांनी केस उपटणं फारसं थांबत नाही. सोबत चिंता किंवा उदासी असेल तर तिच्यासाठी त्या जरूर द्याव्यात, पण केसांसाठी नाही. 2009 मध्ये 50 मोठ्या माणसांवर एन-अ‍ॅसिटिलसिस्टीनची चाचणी झाली. आपल्याकडे पाण्यात फसफसत विरघळणारी ही गोळी कफ पातळ करायला देतात. बारा आठवड्यांनी औषधावरच्या 56 टक्क्यांना चांगला फरक पडला, नकली गोळीवरच्या 16 टक्क्यांना. आम्ही सगळे खूश. मग 2013 मध्ये हीच चाचणी 8 ते 17 वयाच्या मुलांवर झाली, आणि औषध व नकली गोळी यांत फरकच निघाला नाही. तुमची मुलगी 15 ची आहे. कुणी पहिला आकडा सांगून गोळी लिहून दिली तर दुसरा आकडा तुम्ही विचारा. औषध तसं सौम्य आहे, पाण्याला गंधकासारखा वास येतो एवढंच. दम्याच्या मुलांत मात्र जपून. 2023 मध्ये मेमँटिन या विस्मरणाच्या आजारातल्या औषधाचा निकाल बराच चांगला आला, शंभर जणांत औषधावर 60 टक्क्यांच्या आसपास आणि नकली गोळीवर 8 टक्के. पण तीही चाचणी प्रौढांचीच, आठ आठवड्यांची. आज तुमच्या मुलीला मी ते देणार नाही.

घरात एक करा. टोपी घाल, तेल लाव, हात खाली कर, हे दिवसातून वीस वेळा म्हणणं थांबवा. आणि लग्नाचं बोलणं तर अजिबात नको. पंधरा वर्षांच्या मुलीसमोर "उद्या कोण करून घेईल हिला" म्हटलं की त्या रात्री आणखी दोनशे केस जातात.

आता तुमचा मूळ प्रश्न: राहवत नाही यावर औषध असतं का? असतं, पण नेमक्या याच आजारांसाठी म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एकही औषध मंजूर केलेलं नाही. आम्ही जे देतो ते दुसऱ्या आजारासाठी आलेलं, इथे उपयोगी पडताना दिसलेलं असतं. ते बेकायदा नाही, चुकीचंही नाही. फक्त डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगावं आणि तुम्ही विचारावं.

माझा सगळ्यात जास्त भरवसा नाल्ट्रेक्सोनवर आहे, तोही ठरावीक जागी. हे दारू सोडवायला वापरतात. मेंदूत आनंदाची जी अफूसारखी रसायनं आपोआप तयार होतात, त्यांच्या कुलपात हे औषध जाऊन बसतं, त्यामुळे जुगार जिंकल्याची किंवा चोरी साधल्याची झिंग चढत नाही. कंपवात नसलेल्या, वर्षानुवर्षं जुगार खेळणाऱ्या माणसाला, त्यातही ज्याच्या वडिलांना किंवा भावाला दारूचं व्यसन आहे अशाला, याचा फायदा चांगला होतो. रुग्ण सांगतात की इच्छा येते, पण तिची धार गेलेली असते. इच्छा आणि कृती यांच्यामध्ये पूर्वी चिमटीएवढी जागा होती, आता हातभर झाली.

चोरीच्या ऊर्मीतही हेच. एक शिक्षिका होत्या, दुकानांतून सेफ्टी पिना, क्लिपा, चमचे उचलायच्या. घरी कपाट भरलेलं, वापर शून्य. नवरा चांगला कमावता. एकदा पकडल्या गेल्यावर विहिरीशी जाऊन परत आल्या, तेव्हा बहिणीने माझ्याकडे आणलं. 2009 मध्ये अशा 25 जणांवर आठ आठवडे नाल्ट्रेक्सोन आणि नकली गोळी यांची तुलना झाली आणि औषध सरस ठरलं. या बाईंना 50 मिलिग्रॅमने सुरुवात करून 100 वर आणलं. पहिले दहा दिवस मळमळ, मग जमलं. त्याआधी दुसरीकडे त्यांना वर्षभर एससिटालोप्राम हे उदासीवरचं औषध चालू होतं. त्या औषधाचंही चोरीच्या ऊर्मीवर संशोधन झालंय. सगळ्यांना माहीत असताना दिलं तेव्हा बरेच सुधारले. मग त्या सुधारलेल्यांपैकी काहींना नकळत नकली गोळीवर टाकलं, तर दोन्ही गट सारखेच राहिले! या आजारांत नुसतं कुणीतरी लाज न वाटू देता ऐकून घेतलं तरी माणूस काही आठवडे सावरतो, आणि श्रेय गोळीला जातं. माझ्या यशाच्या गोष्टीही तुम्ही याच नजरेने ऐका.

नाल्ट्रेक्सोन सुरू करण्याआधी यकृताची रक्ततपासणी हवी. ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं चालू असतील तर देता येत नाही. शस्त्रक्रिया ठरली तर भूलतज्ज्ञांना आधी सांगावं लागतं, नाहीतर वेदनेवरची इंजेक्शनं लागू पडत नाहीत. म्हणून एक विनंती. आपल्याकडे दारू सोडवायच्या गोळ्या दहीभातात कालवून देण्याची रीत आहे. त्या चालीवर कुणी हेही चोरून देऊ नये. अपघात झाला आणि दवाखान्यात ट्रामाडॉलचं इंजेक्शन दिलं, तर ते का लागू पडत नाही हे तिथे कुणालाच कळणार नाही.

रागाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण या विषयावर बोललो की चौघींपैकी एक बाई तेच विचारते. क्षुल्लक कारणावरून भांडी फोडणं, अंगावर धावणं आणि नंतर स्वतःच ओशाळणं, असे झटके वारंवार येत असतील तर त्याला आजार म्हणतात आणि फ्लुऑक्सेटिनने काहींचे झटके कमी होतात. 2009 मध्ये 100 जणांवरच्या चाचणीत ते दिसलं, पण पूर्ण किंवा बऱ्याच प्रमाणात शांत झालेले निम्म्याहून कमीच होते. त्याआधी दारू, डोक्याला जुना मार, फिट्स आणि उन्माद तपासायचा. उन्मादाच्या रुग्णाला नुसतं फ्लुऑक्सेटिन दिलं तर आगीत तेल. व्हॅल्प्रोएट हे फिट्सवरचं औषधही काहींना देतात. मूल होण्याच्या वयातल्या बाईला मी ते टाळतो, कारण गर्भाला अपाय होतो. मात्र जो माणूस साहेबासमोर मांजर असतो, चौकातल्या हवालदाराला "साहेब, साहेब" करतो आणि घरी आल्यावर बायकोवर हात उचलतो, त्याचा ताबा उत्तम आहे. कुठे सोडायचा हे त्याला नेमकं कळतं. त्याला मी गोळी लिहून देत नाही.

आणि फिरून पिशवीकडेच येतो. रागासाठी, उदासीत जोड म्हणून किंवा भास होतात म्हणून अ‍ॅरिपिप्राझोल आपल्याकडे भरपूर लिहिलं जातं. औषध चांगलं आहे, मीही लिहितो. पण डोपामिनच्या कुलपात तेही अर्धवट किल्ली फिरवतं, आणि मे 2016 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला की यानेही काहींना अनावर जुगार, खरेदी, खाणं आणि लैंगिक ओढ लागते. डोस कमी केला किंवा औषध थांबवलं की जाते. पाय वळवळतात, झोप लागत नाही म्हणून रात्री प्रॅमिपेक्सोल घेणारे आहेत. प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढलं म्हणून कॅबरगोलिन हे त्याच घरातलं औषध घेणाऱ्या तरुण मुली आहेत. कंपवात नाही म्हणून यांच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. असं कुणी अचानक ऑनलाइन साड्यांची पार्सलं मागवत सुटलं, तर स्वभाव बदलला म्हणण्याआधी तारखा जुळवा: औषध कधी सुरू झालं, डोस कधी वाढला, पहिलं पार्सल कधी आलं.

अण्णांसाठीही तेच करा. बँकेचं दोन वर्षांचं स्टेटमेंट आणि जुन्या चिठ्ठ्या शेजारी ठेवून एका कागदावर दोन रकाने आखा, एकात डोस, दुसऱ्यात गेलेले पैसे. न्यूरॉलॉजिस्टसमोर तोंडी सांगण्यापेक्षा तो कागद ठेवा, दहा मिनिटांची भेट पुरेल. पुण्याच्या आसपास असाल तर पार्किन्सन्स मित्रमंडळाकडे यातून गेलेली कुटुंबं भेटू शकतील. सोन्यावरून घरात फार ताण झाला, अण्णा जिवाचं काही बरं-वाईट बोलू लागले, तर 14416 हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक दिवस-रात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

शेवटची एक गोष्ट राहिली, ती तुमच्या पत्रात नाही आणि बहुतेक घरांत बोललीच जात नाही. 3,090 जणांच्या त्या पाहणीत अनेकांना एकापेक्षा जास्त त्रास होते. जुगारासोबत लैंगिक ओढही अनावर झालेली असू शकते: मोबाइलवर बघणं, पैसे देऊन बोलणं, सासूबाईंना नकोशी होईल अशी मागणी. सासूबाई हे तुम्हाला सांगणार नाहीत आणि तुम्ही विचारायलाही नको. तुमच्या यजमानांना सांगा, अण्णांना दवाखान्यात नेताना दोघंच जा, आणि गाडीत, समोर बघत, नजरेला नजर न देता विचारा: "अण्णा, डॉक्टर म्हणत होते की या गोळीने असंही होतं म्हणे. तुम्हाला होतंय का?" वाक्यात 'गोळीने' हा शब्द आधी आला पाहिजे.